कर्ता कोणाला म्हणावे?

मराठी भाषेत ‘कर्ता’ हा शब्द आपल्याला दोन ठिकाणी भेटतो. एक शाळेच्या व्याकरणात आणि दुसरा घरात. व्याकरणातील कर्ता म्हणजे वाक्यातील क्रिया करणारा. घरातील कर्ता म्हणजे ज्याच्या जिवावर चूल पेटते, ज्याला विचारून मुलांची लग्ने ठरतात आणि सावकार दारात उभा राहिला तर जो पुढे होऊन बोलतो, तो. ‘घरातला कर्ता माणूस गेला’ एवढे ऐकले तरी ऐकणाऱ्याचा चेहरा का उतरतो, हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही.

व्याकरणातील कर्ता मात्र फार स्वस्त असतो. ‘ही विळी छान चिरते’, ‘माग थांबला’, ‘भीमा पंढरपूरला वळली’, ‘गिरणीने माणसे कमी केली’, ‘कॉम्प्युटरने कर्ज नाकारले’ या प्रत्येक वाक्यात कर्ता आहे. क्रियेच्या बाबतीत जो स्वतंत्र तो कर्ता, अशा अर्थाची व्याख्या पाणिनीने केली. आणि स्वतंत्र कोणाला मानायचे हे पुढील वैयाकरणांनी बोलणाऱ्याच्या विवक्षेवर सोपविले. म्हणजे विळीला कर्ता म्हणावयाचे की ती चालविणाऱ्या आईला, हे बोलणाऱ्याने ठरवावे.

नीतीच्या विचारात ही मुभा घेता येत नाही. तेथे कर्ता चुकीचा ठरला तर दोष चुकीच्या माथी बसतो, किंवा कोणाच्याच माथी बसत नाही. अलीकडे आमच्या कानांवर ‘सिस्टिम घेत नाही’, ‘सिस्टिमनेच नाव वगळले’, ‘कंपनीची पॉलिसीच तशी आहे’ ही वाक्ये वारंवार पडतात. बोलणारी माणसे वाईट नसतात. पण वाक्य पूर्ण होते आणि करणारा माणूस त्यातून नाहीसा झालेला असतो. म्हणून या लेखात आम्ही एक जुना प्रश्न नव्याने विचारू इच्छितो. एखादी वस्तू, यंत्रणा किंवा संस्था आपले ध्येय समोर ठेवून वागते, ती खरोखर कर्ता आहे, असे केव्हा म्हणावे?

सोलापुरात या विचाराचा आरंभ मागापासून करणे सोयीचे आहे. शहराच्या पूर्व भागातील यंत्रमागांचा खडखडाट सर्वांच्या परिचयाचा आहे. सोलापुरी चादरीवर जी नक्षी उमटते तिच्यासाठी मागाच्या माथ्यावर जकार्ड बसविलेले असते. फ्रान्समधील ल्यों शहराच्या जोसेफ मारी जकार्ड याने १८०४ च्या सुमारास ही युक्ती सिद्ध केली. पुठ्ठ्याच्या कार्डांना छिद्रे पाडलेली असतात. छिद्र असेल तेथे सुई आत शिरते आणि तिच्याशी जोडलेला उभा धागा वर उचलला जातो. छिद्र नसेल तेथे सुई मागे ढकलली जाते व धागा खाली राहतो. एकामागून एक कार्डे सरकतात आणि चादरीवर मोर किंवा फूल उमटत जाते.

पाहणाऱ्याला वाटावे की मागाला फूल काढावयाचे आहे. पण कार्डांचा क्रम चुकला तर माग त्याच निष्ठेने चुकीचे फूल विणत राहतो. त्याला ‘चूक’ ही गोष्टच ठाऊक नाही. त्याच मागावर आणखी एक लहानसा काटा असतो. धोटा गेल्यावर आडवा धागा जागेवर आहे की नाही, हे तो पाहतो आणि धागा तुटलेला असेल तर माग थांबवितो. येथे आपण एक पायरी वर आलो. काहीतरी बिघडले आहे, ही वार्ता यंत्रापर्यंत पोहोचली. पण पुढे काय करावयाचे ते त्याला माहीत नाही; कांडी बदलण्याचे काम कामगाराचे.

तिसरी पायरी वाफेच्या इंजिनात सापडते. जेम्स वॅटने १७८८ मध्ये इंजिनाला दोन गोळ्यांचा नियंत्रक जोडला. इंजिनाचा वेग वाढला की फिरणारे गोळे बाहेर फाकतात आणि वाफेची वाट आवळतात. वेग मंदावला की गोळे खाली येतात आणि वाट मोकळी होते. भार वाढो की घटो, वेग ठरलेल्या मापाकडे परत येतो. मॅक्सवेल या शास्त्रज्ञाने १८६८ मध्ये अशा नियंत्रकांचे गणित मांडले. आपल्या घरातील फ्रिज हा याच कुळातला. कोणी दार उघडे ठेवले किंवा गरम दूध आत ठेवले, तरी तो थंडाव्याच्या ठरलेल्या अंशाकडे पुन्हा वळतो.

१९४३ मध्ये आर्तुरो रोझेनब्लूट, नॉर्बर्ट वीनर आणि ज्युलियन बिगेलो या तिघांनी एका छोट्या निबंधात असे सुचविले की हेतुपूर्ण वर्तनाचे मर्म यातच आहे. ध्येयापासून आपण किती दूर आहोत, ही वार्ता परत येते आणि तिच्यानुसार वागणे सुधारले जाते. एवढे असले की त्या वर्तनाला हेतुपूर्ण म्हणण्यास हरकत नाही, मग ते मांजराचे असो वा तोफेचे. त्या काळी महायुद्ध चालू होते आणि विमानांवर नेम धरणाऱ्या तोफांचा प्रश्न वीनर व बिगेलो यांच्या हाती होता, हेही लक्षात ठेवावे.

ही व्याख्या निःसंशय उपयोगी आहे. पण ती पुरी पडत नाही. पहिली अडचण भीमेची. भीमाशंकरी उगम पावलेली ही नदी डोंगरांना वळसे घालीत, उजनीच्या धरणाशी थबकत, अखेर कृष्णेला मिळते. अडथळा आला की ती बाजूने जाते. मग नदीलाही ध्येय आहे काय? आमच्या मते नाही, आणि त्याचे कारण शिकण्यासारखे आहे. पाण्याला फक्त पायाखालचा उतार कळतो. पुढे मोठा उतार मिळावा म्हणून ते आधी हातभर चढ कधीच चढत नाही. वुल्फगांग कोहलर या मानसशास्त्रज्ञाने १९१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात कुंपणाचा प्रयोग वर्णिला आहे. जाळीपलीकडे दाणे दिसले की कोंबडी जाळीशीच येरझारा घालते. कुत्रा, आणि चालू लागलेले लहान मूल, खाऊकडे पाठ फिरवून कुंपणाच्या टोकाला जाते आणि वळसा घालून पोहोचते. ज्याला जे हवे त्याच्यापासून क्षणभर दूर जाण्याची तयारी ज्याच्याजवळ आहे, त्याच्यापाशी ध्येय ‘आहे’ असे म्हणण्यास आधार मिळतो.

दुसरी अडचण विहिरीची. आपल्या दुष्काळी तालुक्यांत कर्ज काढून विहीर खणणारा शेतकरी कोणी पाहिला नाही? कधी साठ फूट खणूनही पाणी लागत नाही. त्याच्या श्रमांना ध्येय नव्हते काय? होते, आणि किती तळमळीचे होते! पण ज्या पाण्यासाठी तो खणत होता ते तेथे नव्हतेच. नसलेल्या पाण्याकडून वार्ता परत येणार कशी? वीनर आणि त्यांच्या सोबत्यांवर रिचर्ड टेलर या तत्त्वज्ञाने १९५० मध्ये साधारण याच स्वरूपाचा आक्षेप घेतला होता. याचा अर्थ असा की ध्येय बाहेरच्या जगात असलेच पाहिजे असे नाही. ते करणाऱ्याच्या आत कोठेतरी धरलेले असावे लागते. निराश होण्याचे सामर्थ्य हेही कर्त्याचे एक लक्षण आहे.

तिसरी अडचण कुंभारीण माशीची. भिंतीच्या कोपऱ्यात, तसबिरीमागे, ती मातीचे घर बांधते, आत कोळी भरते, अंडे घालते आणि तोंड लिंपून टाकते. तिच्याइतका हेतू कोणाच्या वागण्यात दिसेल? फ्रान्समधील कीटक-निरीक्षक फाब्र यांनी तिच्या नकळत घरातील अंडे व कोळी काढून घेतले. तरी माशी नवे कोळी आणीत राहिली आणि अखेर रिकामे घर लिंपून निघून गेली. त्यांनी अख्खे घरच काढून नेले, तेव्हा ती भिंतीवरील रिकाम्या जागेला माती लावत बसली. तिच्या प्रत्येक कृतीला प्रयोजन आहे. पण ते प्रयोजन तिला ठाऊक नाही. पिल्लांसाठी चाललेले काम पिल्लांवाचूनही तसेच चालू राहते. निदान या प्रसंगी तरी हेतू तिच्या कामात होता, तिच्यापाशी नव्हता.

या ठिकाणी संत थॉमस अक्विनास यांची आठवण होणे साहजिक आहे. ज्ञान नसलेल्या वस्तूही ध्येयाकडे जाताना दिसतात, हे त्यांनी तेराव्या शतकातच हेरले होते, आणि त्यासाठी बाणाचा दाखला दिला होता. बाण लक्ष्याकडे जातो, पण लक्ष्य धनुर्धराचे. त्यांच्या काळचा बाण एकदा सुटला की वळत नसे. आजचा बाण हवेत दिशा बदलतो. म्हणून थॉमस जुने झाले काय? आम्हाला तसे वाटत नाही. त्यांनी स्वतःच एक शंका उपस्थित केली आहे. वास काढीत धावणारा कुत्रा तिठ्यावर येतो, दोन वाटा हुंगून सोडतो आणि तिसरीने न हुंगताच धावतो. मग हा तर्क नव्हे काय? त्यांचे उत्तर असे की जनावरांचे असे शहाणपण घड्याळासारख्या माणसाने रचलेल्या यंत्रांतही दिसते. ते शहाणपण रचणाऱ्याचे असते. अन्यत्र ते एक बारीक भेद करतात. एखादी वस्तू हवी आहे एवढे कळणे वेगळे. आणि ती वस्तू ‘ध्येय’ आहे, तिच्यासाठी हा उपाय योग्य व तो अयोग्य, हे कळणे वेगळे. पहिले ज्ञान जनावरालाही असते. दुसरे ज्याला आहे, तोच थांबून स्वतःला विचारू शकतो की मला हे का हवे आहे?

आता या पायऱ्या एका संस्थेला लावून पाहू. सोलापूरची ‘जुनी मिल’ म्हणजे सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीची गिरणी. १८७० च्या दशकात उभी राहिलेली ही गिरणी पुढे हजारो कुटुंबांचे पोट झाली. तिच्या भोंग्यावर लोक घड्याळे लावीत. ऑगस्ट १९४९ मध्ये ती बंद करण्यात आली. जानेवारी १९५० मध्ये केंद्र सरकारने वटहुकूम काढून आणि त्याच वर्षी कायदा करून तिचा कारभार हाती घेतला. गैरव्यवस्थेमुळे कापडासारख्या आवश्यक वस्तूच्या उत्पादनाला बाध आला आणि मोठी बेकारी ओढवली, असे कारण देण्यात आले. एका भागधारकाने याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. राज्यघटना अमलात येऊन तेव्हा वर्षही पुरे झाले नव्हते. डिसेंबर १९५० मध्ये बहुमताने अर्ज फेटाळला गेला. कंपनी ही एक व्यक्ती आणि भागधारक ही दुसरी, म्हणून कंपनीला झालेल्या इजेसाठी भागधारकाने स्वतःच्या नावे तक्रार करता येणार नाही, हा त्यातील एक महत्त्वाचा मुद्दा होता. पुढे दुसऱ्या एका भागधारकाच्या खटल्यात, डिसेंबर १९५३ मध्ये, मोबदला न देता मालमत्ता हिरावली गेली या कारणाने तोच कायदा न्यायालयाने अवैध ठरविला.

कायद्याचे बारकावे बाजूला ठेवू. आपल्यापुढील प्रश्न असा की १९४९ साली गिरणी कोणी बंद केली? ‘कंपनीने’ हे उत्तर खोटे नाही. संचालक बदलतात, भागधारक बदलतात, तरी कंपनी आपल्या मार्गाने जात राहते. एक वाट बंद झाली तर ती दुसरी शोधते. उद्याच्या नफ्यासाठी ती आज तोटा सोसते, म्हणजे कुंपणाला वळसाही घालते. तिच्या सभा होतात, ठराव होतात, त्यांत हेतू लिहून ठेवलेले असतात. पीटर फ्रेंच या तत्त्वज्ञाने १९७९ मध्ये याच आधारावर कंपनीला नैतिक व्यक्ती मानावे असे सुचविले. आम्ही एवढ्या लांब जाणार नाही, पण त्यातील सत्य मान्य करतो. कधी कधी संचालकांच्या टेबलाभोवती एकही दुष्ट माणूस नसतो, आणि तरी त्या टेबलावरून दुष्ट निर्णय बाहेर पडतो. तो निर्णय समजून घ्यावयाचा तर व्यक्तींबरोबर त्यांना बांधणारी रचनाही तपासावी लागते.

पण रचनेला लाज वाटत नाही. बंद गिरणीच्या फाटकापाशी उभ्या असलेल्या बाईच्या डोळ्याला कंपनी डोळा देऊ शकत नाही. तो देता येतो संचालकाला, व्यवस्थापकाला, ठरावावर सही करणाऱ्याला. म्हणून ‘कंपनीने केले’ या वाक्याने माणसांचे ओझे हलके होत नाही, उलट ते वाढते. स्वतःच्या कृतीबरोबर, जी यंत्रणा आपण चालवितो तिच्या ध्येयाचाही जाब आता त्यांच्याकडे आहे.

संगणकाचेही असेच. येथे आपण भाबडे राहू नये. १९९७ मध्ये डीप ब्लू या यंत्राने जगज्जेत्या कास्पारोव्हला बुद्धिबळात हरविले. अशी यंत्रे पुढचा डाव साधण्यासाठी वजीरसुद्धा बळी देतात. म्हणजे कुत्र्याची आणि मुलाची परीक्षा ती उत्तीर्ण होतात. २०१७ सालचे अल्फाझीरो तर केवळ नियम सांगितल्यावर स्वतःशीच खेळून शिकले. अशा यंत्राला ध्येय आहे म्हणून आपण बोलतो, आणि त्यामुळे त्याच्या पुढच्या चालीचा अंदाज बांधणे सोपे जाते. डॅनियल डेनेट या तत्त्वज्ञाचे म्हणणे साधारण असेच होते. असे बोलण्याने वर्तनाचा अंदाज भरवशाने बांधता आला, तर तसे बोलणे योग्यच आहे.

हे मान्य करूनही एक फरक उरतो. नातवाशी बुद्धिबळ खेळणारे आजोबा मनात आणले तर दहा चालींत डाव संपवतील. पण नातू दिवसभर रुसलेला आहे, हे त्यांच्या ध्यानात येते आणि ते हळूच हत्ती उघडा टाकतात. जिंकणे हे खेळाचे ध्येय. पण ते ध्येय आज, या मुलापुढे, बाजूला ठेवावे, असे त्यांना वाटले. हरण्यासाठी यंत्रही बसविता येईल. तेव्हा हरणे हे त्याला नेमून दिलेले ध्येय होईल. आजोबांनी मात्र एका ध्येयाला दुसऱ्या, मोठ्या भल्यापुढे उभे करून तोलले. यंत्र आणि माणूस यांपैकी खऱ्या अर्थाने नैतिक कर्ता माणूसच, असे ख्रिस्तसभेने जानेवारी २०२५ च्या ‘अँटिक्वा एट नोव्हा’ या टिपणात म्हटले आहे, त्याचा आशय आम्ही असा समजतो.

याच सोलापुरात १९१० साली जन्मलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये पाच डॉक्टरांच्या वैद्यकीय पथकातून चीनला गेले. पथक पाठविणाऱ्यांनी काम नेमून दिले होते. काही सहकारी परतले, डॉ. कोटणीस राहिले, आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी तेथेच वारले. नेमून दिलेले काम त्यांनी आपले करून घेतले. सुटलेल्या बाणाला असे काही करता येत नाही.

तर मग वाचकहो, या विवेचनाचा संसारात उपयोग काय? आमच्या मते दोन. पहिला असा की एखाद्या यंत्रणेचे खरे ध्येय तिच्या जाहिरातीवरून ओळखू नये. तिला अडवून पाहावे. अडथळा आल्यावर ती पुन्हा कोठे वळते, तेथे तिचे ध्येय असते. मुलाच्या हातातील मोबाइल ज्ञान देतो, करमणूक करतो, हे खरे. पण मूल कंटाळून तो खाली ठेवू लागले की तो काय पुढे करतो, ते आईवडिलांनी शेजारी बसून दोन-चार दिवस पाहावे. एक चित्रफीत नको म्हटली तर दुसरी, ती नको तर तिसरी, अशी जी त्याला खिळवून ठेवील तीच येत राहते. तो मुलाचा वैरी नव्हे. त्याच्यापाशी वैरही नाही आणि मायाही नाही. पण कोणीतरी ठरवून दिलेले ध्येय त्याच्यात आहे आणि ते आपल्या मुलाच्या भल्याचे नाही. आईवडिलांचा बोलण्याचा अधिकार येथून सुरू होतो.

हीच कसोटी आत्मपरीक्षणाच्या वेळी स्वतःलाही लावावी. आपण सेवा, कुटुंब, धर्म अशी ध्येये सांगतो. मनासारखे झाले नाही, कोणी अडविले, की आपण पुन्हा पुन्हा कोणत्या गोष्टीकडे वळतो, ते रात्री निजण्यापूर्वी पाहिले तर बरेच उमगते.

दुसरा उपयोग बोलण्यातला. ‘जबाबदार’ या शब्दात ‘जबाब’ आहे. जो जबाब देऊ शकतो तो जबाबदार. बँकेत, कचेरीत, शाळेत, आणि आमच्या धर्मग्रामाच्या कार्यालयातही, ‘सिस्टिमने नाकारले’ असे कोणी म्हटले तर नम्रपणे पुढचा प्रश्न विचारावा की ही सिस्टिम कोणी अशी बसविली, आणि ती चुकली तर कोणाशी बोलायचे? टेबलाच्या आतल्या बाजूला आपण स्वतः बसलेले असू, तर हा प्रश्न येण्यापूर्वीच त्याचे उत्तर तयार ठेवावे. एखाद्या विधवेचे पेन्शन बोटाचा ठसा जुळत नाही म्हणून अडले असेल, तर यंत्राने आपले काम केलेले असते. ठसा जुळला नाही, एवढेच त्याला कळते. समोरची बाई जिवंत आहे, तीच आहे आणि उपाशी आहे, हे कळणारा त्या खोलीत एकच असतो. तो खुर्चीवर बसलेला माणूस होय. त्या घटकेला त्या खोलीतला कर्ता तोच, व्याकरणातलाही आणि घरातलाही.